चावी हरवल्याशिवाय येऊ नये

आमच्या घरमालकांच्या दुकानावर पाटी होती, 'चावी हरवल्याशिवाय येऊ नये.' एवढीच. खाली फोन नंबर नाही, दुकानाचं नाव नाही, कोणा देवाची कृपाही नाही. शेजारच्या गाळ्यात माझं चष्म्याचं दुकान. लोक पाटी वाचायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि मग माझ्याकडे येऊन विचारायचे, "हे नक्की करतात काय?"

"गाडीच्या चाव्या."

"मग तसं लिहीत का नाहीत?"

हे मीही त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "लिवलं तर लोकं येतील ना."

सगळे त्यांना शेठ म्हणायचे. शेठ म्हणण्यासारखं त्यांच्याकडे होतंही. गावची जमीन विमानतळात गेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, भावांनी मोठाल्या गाड्या घेतल्या आणि यांनी नवीन पनवेलात दुमजली इमारत बांधली. वर स्वतः राहायचे, खाली चार गाळे. तीन भाड्याने दिले आणि कोपऱ्यातल्या चौथ्यात स्वतः बसले. पांढरा सदरा, पांढरी पँट, आणि नाकावर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून घेतलेला चष्मा. दुकानाच्या भिंतीपलीकडे मी नंबर काढून चष्मे देते, आणि माझा मालक फुटपाथवरचा चष्मा लावून येतो आणि त्याचा स्क्रू माझ्याकडून बसवून घेतो. मी एकदा म्हटलं, "शेठ, नीट तपासून एक करून देते. भाड्यात धरू नका, भेट समजा."

"तुझ्या चष्म्यातून सगळंच दिसंल. मला जेवढं पायजे तेवढंच बघायचंय."

घरमालक म्हणून ते वाईट होते. माझ्या गाळ्याच्या छतातून पावसाळाभर पाणी गळायचं. मी सांगितलं की ते येऊन छताकडे बघायचे आणि "गळतंय खरं," म्हणून जायचे. भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती, त्यामुळे माझ्या दुकानातला अक्षरांचा तक्ता स्टुलावर उभा होता. पण शटरचं कुलूप जरा करकरलं की न सांगता येऊन, उघडून, साफ करून, तेल सोडून जायचे. छत त्यांचं नव्हतं जणू; कुलूप त्यांचं होतं.

हा धंदा त्यांनी का धरला, याची त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. गावात पैसा आला तशा गाड्या आल्या, आणि लग्नाच्या आदल्या रात्रीच्या हळदीत चाव्या हरवायला लागल्या. "आमच्यात हळदीला चाव्या हरवतात आनि लग्नात मानसं." एकदा पुतण्याच्या नव्या गाडीची चावी गेली. मुंबईहून माणूस आला, गाडीत बसला, कसलंसं मशीन जोडलं आणि गाडी चालू करून दिली. शेठ सगळा वेळ त्याच्या शेजारी उकिडवे बसून बघत होते. मग उठून दिल्लीला गेले आणि शिकून, मशीन घेऊनच परत आले. घरच्यांना वाटलं होतं की ते वैष्णोदेवीला गेलेत.

हल्लीच्या गाडीच्या चावीला नुसते दात कापून भागत नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. चावीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. दात जुळले की दार उघडतं, चावी फिरते. पण इंजिन त्या चिपला ओळखत असेल तरच चालू राहतं. शेठ हे फार गंभीरपणे सांगायचे. "दाताचं काम दरवाज्याशी. इंजिनला वळख लागते. मी वळख करून देतो." स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्याला मशीन जोडायचं, आणि जवळ असतील तेवढ्या सगळ्या चाव्या गाडीला एकेक करून दाखवायच्या. जी दाखवली नाही ती गाडी विसरते. मग ती चावी जगात कुठेही पडलेली असो, तिच्याने गाडी चालत नाही. याला ते 'नाव काढणं' म्हणायचे.

त्यामुळे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असायचा, "चावी कशी हरवली?" आणि तो उपचार म्हणून नसायचा. नदीत पडली असेल तर एक हिशेब, रिक्षात राहिली असेल तर दुसरा. गिऱ्हाइकाला समोर बसवायचे आणि सकाळी उठल्यापासून सांगायला लावायचे. कोणाच्या साहेबाचा ड्रायव्हर आला तर त्याला परत पाठवायचे. "साहेबांनी हरवली ना? मग साहेबच सांगतील." निम्म्या लोकांना बोलता बोलताच चावी कुठे आहे ते आठवायचं आणि ते उठून पळायचे. हे निम्मे लोक शेठना सगळ्यात आवडायचे.

एकदा खांदा कॉलनीतलं एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, ऑफिसात पडली. शेठनी विचारलं, कधी. म्हणाला, परवा. शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "परवा रविवार होता." नवरा म्हणाला, काम होतं. शेठ म्हणाले, "असंल." मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमची चावी बरोबर आनली ना? दोन्ही दाखवाव्या लागतील." बाई म्हणाल्या, "माझी चावी आणली आहे. बाकीचं घरी बघते," आणि चावी काउंटरवर ठेवून रिक्षा करून गेल्या. शेठनी नवऱ्याची चावी तासाभरात करून दिली. मी नंतर म्हटलं, "शेठ, तुम्ही त्यांच्या संसारात काडी टाकलीत." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी फक्त वार सांगितला."

मी हे सगळं सांगतेय ते नानांच्या गोष्टीसाठी.

नाना माझे जुने गिऱ्हाईक. रसायनीच्या एका केमिकल कंपनीत इंजिनियर होते, आता निवृत्त, बायको वारलेली, खांदा कॉलनीत मुलगा आणि सुनेबरोबर राहायचे. आपट्याला नदीपासून जवळ त्यांनी थोडी जागा घेऊन आंबे आणि चिकू लावले होते. दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत तिकडे जायचे, झाडांना पाणी घालायचे आणि परत यायचे. त्यांना काचबिंदू होता. मी तपासून डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं, औषधाचे थेंब सुरू होते, पण डावीकडची बाजू जवळजवळ गेली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, आणि हेच वाईट होतं. "मला शेवटची ओळ वाचता येते," असं ते सगळ्यांना सांगत. डॉक्टरांनी आणि मी, दोघांनीही गाडी बंद करा म्हणून सांगितलं होतं. ते मान डोलवायचे, आणि गुरुवारी जायचे.

एका दुपारी त्यांचा मुलगा शेठच्या दुकानात शिरला. मधल्या भिंतीला वर एक फट होती, तिच्यामुळे तिकडचं बोलणं मला मी माझ्याच घरात असल्यासारखं ऐकू यायचं.

"बाबांच्या गाडीच्या दोन चाव्या आहेत. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्यांच्या चावीने गाडी चालू होऊ नये, असं करता येईल?"

"येईल."

"त्यांना कळायला नको. दुपारी ते झोपतात, तेव्हा मी गाडी आणतो."

"मग नाय येनार."

मुलाने समजावलं. डोळ्यांचं सांगितलं. गाडीच्या डाव्या अंगाला ओरखडेच ओरखडे आहेत, परवा एका सायकलवाल्याला धक्का लागता लागता राहिला, उद्या कोणाचा जीव गेला तर? शेठ सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "बापाची चावी लागली नाय की त्याला काय वाटंल? गाडी बिघडली. मग गॅरेजला फोन करंल. गॅरेजवाला त्याला माझ्याकडं पाठवंल. तो इथं या खुर्चीत बसून मला विचारंल, काय झालं? मी काय सांगू?"

"सांगा जुनी झाली गाडी."

"तुला तोंडानं सांगता येत नाय म्हनून तू चावीला सांगायला लावतोस. चावीला तोंड नाय. ज्याचं नाव काढायचं तो समोर पायजे."

"ऐकत नाहीत हो ते! मी काय करू?" मुलाचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "आई गेल्यापासून मी त्यांना कशालाही नाही म्हटलेलं नाही."

मग शेठ म्हणाले, "गुरवारी त्याला सकाळी माझ्याकडं धाड. सांग, जाताना शेठला आपट्याला सोडा."

गुरुवारी सकाळी मी शटर वर करत होते, समोर नानांची गाडी येऊन उभी होती, तर शेठ म्हणाले, "बंद कर. चल, गाडीत मागं बस."

मी म्हटलं, "शेठ, त्यांना डावीकडचं दिसत नाही."

"म्हनून मी डावीकडं बसतोय. तू उजवीकडचं बघ."

मला नाही म्हणता आलं असतं. पण हे दोघेच गेले असते तर दिवसभर दुकानात माझं लक्ष लागलं नसतं. मी बसले. शेठनी नानांना एकच अट घातली, तीसच्या वर जायचं नाही, कारण त्यांची कंबर दुखते. नाना खूश होते. सोबत मिळाली होती. त्यांनी पट्टा लावला, आरसा नीट केला आणि फार सफाईने गाडी काढली. हायवेला मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते, नाना म्हणाले, "घाई आहे लोकांना." शेठशी बोलताना ते पूर्ण मान वळवायचे, कारण शेजारी बसलेले शेठही त्यांना दिसत नव्हते. मान वळली की मी मागून "नाना, समोर," म्हणायची.

आपट्याच्या रस्त्याला लागलो आणि रहदारी संपली. थोडं पुढे गेल्यावर शेठनी सहज विचारलं, "आता गेला तो कोन होता?"

"कोण?"

"सायकलवाला."

"कुठे सायकलवाला?"

पुढे वीटभट्टी लागली. "ही बाई कोन? मोळी घेतलेली."

"शेठ, थट्टा करताय माझी."

"ताई, बाई होती का नाय?"

मी म्हटलं, "होती." नानांनी गाडी आणखी हळू केली. बैलगाडी चालली असती त्या वेगाने आम्ही चाललो होतो. मग शेठ एकदम सरळ झाले, त्यांचा हात हँडब्रेकवर गेला आणि तिथेच थांबला.

"आता पोरगी गेली. लाल फ्रॉक. तिनं तुला बघून पाय मागं घेतला."

नानांनी आरशात पाहिलं. आरशात ती त्यांना दिसली. रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात पाण्याचा डबा, आणि आमच्या गाडीकडे बघत होती. नानांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले.

मग म्हणाले, "शेठ, तुम्ही या इकडे. तुम्ही चालवा."

"मला येत नाय."

"म्हणजे?"

"गाडी चालवायला येत नाय. कधी शिकलो नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नानांनी पूर्ण मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही गाडीच्या चाव्या करता!"

"चाव्या करतो. गाडी नाय करत."

दोघांनी एकदम मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला स्कूटी येते."

अशा रीतीने, एक माणूस ज्याला चालवता येत होतं पण दिसत नव्हतं, आणि दोघं ज्यांना दिसत होतं पण चालवता येत नव्हतं, अशी आम्ही तिघं वीटभट्टीजवळ अडकलो. मी नानांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, निघतो. आम्ही एका चिंचेखाली बसलो. ती पोरगी पाण्याचा डबा घेऊन मघाच निघून गेली होती.

नाना बोलायला लागले ते कोणाकडे न बघता. "मला माहीत होतं. बिल्डिंगच्या फाटकाचा खांब गेले वर्षभर मला लागतोय. मी म्हणायचो, खांबच पुढे आलाय." मग म्हणाले, "घरात सगळे चांगले आहेत हो. सून तर फारच चांगली. पण पंखा लावला तर कोणीतरी येऊन बंद करतं, नाना, गार लागेल. टीव्ही लावला तर आवाज कमी करतात. मी चालू केली आणि चालू राहिली, अशी ही एवढीच वस्तू उरली होती."

शेठ "हं" म्हणाले. यावर दुसरा कोणी काहीतरी धीराचं बोलला असता. शेठनी चिंचेचा एक आकडा उचलला, अर्धा मोडून नानांना दिला, आणि दोघं चिंच खात बसले.

मुलगा रिक्षाने आला तो चिडूनच. वडिलांवर त्याला चिडता येईना, म्हणून शेठवर घसरला. "तुम्ही यांना घेऊन हायवेला आलात? काही झालं असतं म्हणजे?"

शेठ पँट झटकत उठले. "आज दोघंजन बरोबर होतो. तू दर गुरवारी एकट्याला सोडत होतास."

तेव्हा नाना म्हणाले, "त्यांना बोलू नकोस. आणि मलाही आज काही बोलू नकोस. झाडांना पाणी घालायचं राहिलंय, तिकडे घे गाडी." मुलाने गाडी घेतली. पाणी घालून झालं, आणि परतीच्या वाटेवर नानांनी त्याला ब्रेक फार जोरात मारतोस म्हणून सुनावलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक दुकानासमोर गाडी लावून हजर. नानांनी आपली चावी काउंटरवर ठेवली. "मुलाची ठेवा. माझं नाव काढा. माझ्यासमोर."

शेठनी एरवीसारखंच काम केलं. बॅटरीला चार्जर लावला, कारण मध्येच ती उतरली तर गाडी सगळंच विसरते. मशीन जोडलं. मुलाची चावी दाखवली. नानांची बाजूला, डॅशबोर्डवर, तशीच पडली होती. झाल्यावर त्यांनी ती उचलून नानांच्या हातात दिली. "बघ."

नाना बसले. चावी लावली, फिरवली. इंजिन लागलं, क्षणभर चाललं आणि बंद पडलं. समोर चावीचं छोटं चित्र लुकलुकायला लागलं. त्यांनी परत फिरवली. परत तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी इंजिनपर्यंत नेलीच नाही, अलीकडे थांबवली, आणि रेडिओ लागला.

"हे कसं काय?"

"दरवाजा उघडंल. रेडिओ लागंल. पंखा फिरंल," शेठ म्हणाले. "जायाचं तेवढं नाय."

"पंखा फिरेल?"

"कोन बंद करायला येनार नाय."

त्यानंतर नाना रोज संध्याकाळी खाली बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीत बसायला लागले. काचा वर, पंखा सुरू, रेडिओवर बातम्या, मग गाणी. सुनेने सुरुवातीला दोनदा खाली येऊन पाहिलं, मग ती गाडीतच चहा पाठवायला लागली. गुरुवारचं पाणी रविवारवर गेलं, मुलगा न्यायचा.

इंजिन चालत नसताना पंखा लावून बसलं की बॅटरी उतरते. त्यामुळे शेठ चार्जर घेऊन अधूनमधून खांदा कॉलनीत जायचे. पुढे पुढे ते चार्जर न घेताही जायला लागले. नानांचा चष्मा द्यायला मी एकदा गेले तर दोघं पुढच्या सीटवर बसले होते, पट्टे लावून. मी काचेवर टकटक केली. शेठनी काच खाली केली आणि म्हणाले, "बातम्या चालल्यात." काच परत वर गेली. मी चष्मा वॉचमनकडे दिला.

नाना पुढच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच, घरी. शेठ मातीला आले होते, पांढरे कपडे त्यांच्या अंगावर रोजचेच होते, त्यामुळे ते वेगळे दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी चावी कशी हरवली हे विचारलंच नाही. चाव्या करून दिल्या. मला तेव्हा कळलं.

पाऊस संपल्यावर मुलाने गाडी विकायला काढली. विचुंब्याच्या नवीन सोसायटीतला एक तरुण घेणार होता. त्याला दोन्ही चाव्या चालू हव्या होत्या. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मुलगा नानांची चावी घेऊन दुकानासमोर उभा राहिला. गाडी घेणारा मागे त्याच्या मोटरसायकलवर.

शेठनी चावी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मशीन जोडलं, एक चावी दाखवली, मग ही दाखवली. सगळं पाच-दहा मिनिटांचं काम. गाडीतून उतरले आणि मुलाला म्हणाले, "बस. लावून बघ."

"तुम्हीच बघा ना."

"बस."

तो वडिलांच्या जागी बसला. चावी फिरवली. इंजिन लागलं आणि चालत राहिलं. डॅशबोर्डवर काही लुकलुकलं नाही. मी माझ्या दारात उभी होते. मला वाटलं, आता बंद करेल, उतरेल आणि चाव्या देऊन टाकेल. त्याने बंद केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो तसाच बसून राहिला. गाडी घेणाऱ्याने घड्याळात पाहिलं. मागून एक टेम्पो आला, हॉर्न वाजवला, मग बाजूने काढून गेला. शेठ उघड्या दाराशी उभे होते, एक हात गाडीच्या टपावर.

मुलाने बाहीने चेहरा पुसला आणि कसाबसा हसला. "बाबा असते तर ओरडले असते. उभ्या गाडीत पेट्रोल जळतंय म्हणून."

शेठ म्हणाले, "जळू दे."